जॅकेट काढून

मित्रे, ‘सुटली बिचारी’ असं जी जी बाई म्हणाली तिच्या हातातला चहाचा कप मी काढून घेतला. खरंच घेतला. मागच्या गल्लीतल्या काकूंचा तर अर्धा प्यायचा होता. तुझी आई मला डोळ्यांनी दटावत होती. दादा म्हणाला, ‘‘सुनीता, लोकं भेटायला आलीत, भांडू नको.’’ मी म्हटलं, भांडत नाही, कप विसळायचेत. सुटली म्हणे! कुणापासून सुटली? अकरा वर्षांची माझी भाची, जिला इंग्रजीच्या बाई आवडत नव्हत्या, जिनं माझ्या मागे लागून जांभळ्या अस्तराचं जॅकेट शिवून घेतलं होतं, ती काय सुटायची वाट बघत बसली होती?

तू गेल्याला आज चोवीस दिवस झाले. लोकांवरचा राग आता ओसरलाय, कारण लोक यायचे थांबलेत. खाली उरलाय तो खरा राग. भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलेय, समोर मशीनवर तुझं जॅकेट आहे आणि हातात मापाची वही आहे. काल मी हॉस्पिटलात जाऊन आले. तिथे काय झालं ते सांगायलाच हे लिहितेय, पण सुरुवातीपासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते. माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

आपलं कोपरखैरण्यातलं घर, वर तुम्ही तिघं, खाली माझं दुकान. ब्लाउज, फॉल-बिडिंग आणि पडदे. उलव्यात टॉवर उभे राहिले तशी पडद्यांची कामं वाढली, त्या लोकांच्या खिडक्या भिंतीएवढ्या. शाळा सुटली की तू दप्तर वर टाकून खाली यायचीस आणि कटिंगच्या टेबलावर चढून बसायचीस. मापाची वही तुझ्याकडे. मी टेप लावून आकडा सांगायचे, तू लिहायचीस. माझ्या अक्षराला तू ‘कोंबडीचे पाय’ म्हणायचीस, म्हणून ते काम तू स्वतःच घेतलं होतंस.

माप देताना बायका पोट आत ओढून घेतात. हटकून. मग ब्लाउज घट्ट होतो आणि शिव्या मला. म्हणून माझं एक वाक्य ठरलेलं: ‘‘श्वास सोडा ताई, ब्लाउज तुमालाच घालायचाय.’’ तू ते इतकं हुबेहूब करायचीस, कमरेवर हात ठेवून, की समोरची बाई हसायची आणि हसताना तिचा श्वास सुटायचाच. ‘‘लिही, बत्तीस,’’ मी म्हणायचे. ‘‘आधी एकतीस होतं,’’ तू तिच्या देखत सांगायचीस. एक गिऱ्हाईक त्यावरून तुटलंही. मी तुला रागावले नव्हते.

पहिल्यांदा मांडीत गाठ आली तेव्हा तू आठची होतीस. सलाइनमधून केमो, मग रेडिएशनचे शेक, केस गेले, केस आले, सगळं झालं. आपण पेढे वाटले. दोन वर्षांनी तेच दुखणं फुप्फुसात दिसलं तेव्हा डॉक्टर मॅडमनी आपल्या चौघांना समोर बसवलं. तुला बाहेर पाठवा, असं दादा म्हणाला. तू म्हणालीस, ‘‘पप्पा, आजार माझा आहे,’’ आणि खुर्ची पुढे ओढलीस.

मॅडमनी गोडगोड काही सांगितलं नाही. नेहमीची औषधं आता लागू पडणार नाहीत, म्हणाल्या. एक औषध आहे, कॅप्सूलचं, घरी घ्यायचं. मोठ्या माणसांना देतात. मुलांना किती द्यायचं ते अजून ठरलेलं नाही, तेच आम्ही शोधतोय.

दादा म्हणाला, ‘‘म्हणजे आमच्या पोरीवर प्रयोग?’’

‘‘हो,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘प्रयोगच आहे. दुसरा शब्द वापरून मी तुम्हाला फसवणार नाही.’’

त्यांनी कागदावर जिना काढला. एका पायरीवर थोडी मुलं. त्यांना झेपलं तर पुढच्या मुलांना वरची पायरी, म्हणजे जास्त औषध. एखाद्या पायरीवर मुलांना फार त्रास झाला तर थांबायचं आणि खाली यायचं. बरी होईलच असं मी म्हणणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्यावर तुझी आई रडली. मी मात्र त्या जिन्याकडे बघत एवढंच ऐकलं की औषध आहे. बाकी सगळं माझ्या कानावरून गेलं. आता मॅडमच्या नावानं बोटं मोडायची सोय माझ्याकडे नाही, याचाही मला राग येतो.

मुलांसाठी सहीचा वेगळा कागद होता, मोठ्या अक्षरांतला. तू तो शाळेच्या धड्यासारखा बोट ठेवून वाचलास.

‘‘मी नाही म्हटलं तर?’’

‘‘तर नाही. मी रागावणार नाही.’’

‘‘आणि मला जो त्रास होईल तो पुढच्या पोरांना कळणार?’’

‘‘म्हणून तर आपण सगळं लिहून ठेवतो,’’ मॅडम म्हणाल्या.

मग तू सही केलीस. ‘कु. संघमित्रा’, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. त्या खोलीत तो कागद नीट समजून घेतलेली तू एकटीच होतीस, मित्रे. आम्ही तिघं मोठी माणसं नुसती तुझ्याकडे बघत होतो.

कॅप्सूल गिळायची सवय व्हावी म्हणून आठवडाभर तू बडीशेपेच्या रंगीत गोळ्या पाण्याबरोबर अख्ख्या गिळल्यास आणि चावू देत नाही म्हणून माझ्याशी भांडलीस. रोज सकाळी उपाशीपोटी कॅप्सूल, मग तासभर काही नाही. कॅप्सूलला उघडा हात लावायचा नाही म्हणून वहिनी हातमोजे घालायची, आणि तू म्हणायचीस, ‘‘मम्मी, तू हात नाय लावत आणि मला गिळायला सांगतेस? भारी आहे!’’ डायरीत रोज लिहायचं: किती वाजता घेतल्या, उलटी झाली का, जेवण किती. कॅप्सूल किती द्यायच्या ते वजनावर. सिस्टरांनी तक्ता दाखवला होता. तुझ्या पायरीला पंचवीस किलोच्या वर तीन, पंचवीसच्या खाली दोन. तुझं वजन होतं सव्वीस.

तक्ता मी बघितला होता. हे मी इथे लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते की मला माहीत नव्हतं.

दोन महिन्यांनी तुझी भूक गेली. सव्वीसचे साडेपंचवीस झाले. मॅडम काटा बघून म्हणाल्या, ‘‘वजन असंच उतरत राहिलं तर आपल्याला बघावं लागेल.’’ एवढंच म्हणाल्या. ‘बघावं लागेल’ याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला: काढून टाकतील. औषध बंद करतील, नाव कमी करतील, आणि मग आपल्याला कुठे दार नाही. मी विचारलं का, की मॅडम, बघावं लागेल म्हणजे काय? नाही विचारलं. दुकानात कुणी ‘बाहीचं जरा बघा’ म्हणालं तर मी दहा प्रश्न विचारते, किती बोटं, कुठून, आतून की बाहेरून. तिथे मात्र मान हलवून बाहेर आले.

पडदा फुगू नये, सरळ पडावा म्हणून तळाच्या दुमडीत शिशाच्या बारीक मण्यांची साखळी घालतात, कापडी नळीतून. उलव्याच्या एका ऑर्डरमधली गुंडाळी उरली होती. पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तुझ्या जॅकेटची खालची दुमड उसवली, साखळीचे पदर आत घातले आणि परत शिवलं. वरून कुणाला कळणार नाही अशी टीप. माझ्या हातात कला आहे ना! तू टेबलावर बसून बघत होतीस.

‘‘हे कशाला?’’

‘‘वजन कमी दिसलं तर काढून टाकतील तुला. एवढं घाल. डे-केअर वॉर्डात एसी असतो, जॅकेट काढ म्हणून कोण बोलणार नाय.’’

तू जॅकेट घातलंस आणि दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठुमकत चाललीस. ‘‘आत्तू, मी पडदा झाले,’’ म्हणालीस. आपण दोघी इतक्या हसलो की वरून वहिनीनं विचारलं, काय झालं. ते हसणं मला आता आठवलं की हातातली कात्री भिरकावून द्यावीशी वाटते.

आणि खरंच कोणी काही बोललं नाही. तू काट्यावर उभी राहिलीस, पंचवीस किलो सातशे. सिस्टर म्हणाल्या, ‘‘अरे वा, मित्रा, वजन वाढलं की!’’ कौतुक झालं. तीन कॅप्सूल चालू राहिल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मी तुझ्यामागे उभी राहून आकडा बघत होते आणि मला चक्क अभिमान वाटत होता.

मग तोंड आलं. ओठांपासून घशापर्यंत जखमा, थुंकी गिळता येईना. ताप एकशे तीनला गेला. पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणून ॲडमिट केलं, कॅप्सूल थांबवल्या, आठ दिवस सलाइन. तुला बोलता येत नव्हतं, तू पाटीवर लिहायचीस. मॅडम राउंडला आल्या तेव्हा दादाला म्हणाल्या, ‘‘या पायरीचा डोस मुलांना जास्त होतोय असं दिसतंय. आम्हाला थांबून बघावं लागेल. पुढच्या मुलांना कदाचित कमी द्यावा लागेल.’’

तू डोळे मिटून पडली होतीस. आम्हाला वाटलं झोपलीयेस.

दुपारी दादा खाली चहाला गेला तेव्हा तू पाटी ओढलीस आणि लिहिलंस, ‘सांग त्यांना.’

मी म्हटलं, ‘‘काय सांगू?’’

तू जॅकेटकडे बोट केलंस. ते खुर्चीच्या पाठीवर लटकत होतं.

‘‘वेडी आहेस का? आता सांगितलं तर आपल्याला दारात उभं करणार नाहीत. गप पड.’’

तू पाटी पुसलीस, परत लिहिलंस. ‘मला डोस जास्त नाही झाला. आपण खोटं वजन दिलं. माझ्यामुळे बाकीच्यांना औषध कमी देतील.’

‘‘बाकीच्यांचं टेन्शन तू नको घेऊ. त्यांची आई-बापं आहेत.’’

मी हे बोलले, मित्रे. अगदी याच शब्दांत. तू पाटी पुन्हा पुसलीस आणि दोनच शब्द लिहिलेस. ‘श्वास सोडा.’

मी पाटी हिसकावून घेतली. म्हटलं, ‘‘ते ब्लाउजचं आहे. हा तुझा जीव आहे.’’ तू तोंड फिरवलंस. त्यानंतर चार दिवस तू माझ्याशी एक शब्द लिहिला नाहीस. वहिनीसाठी लिहायचीस, सिस्टरांसाठी लिहायचीस, पाण्याची बाटली बदलायला आलेल्या मावशींसाठी चित्र काढलंस. मी पाटी पुढे केली की हात मागे.

मला तेव्हा तुझा भयंकर राग आला होता. अजून आहे. एवढीशी पोर, तोंडात जखमा, आणि बाकीच्यांची काळजी करते! आधी स्वतः जग ना! मी तुझ्यासाठी खोटं बोलले, तुझ्यासाठी शिसं शिवलं, आणि तू मला माझ्याच दुकानातलं वाक्य फेकून मारतेस?

तोंड बरं झालं, ताप उतरला, पण स्कॅन आला. गाठी वाढल्या होत्या. औषध लागू पडलं नव्हतं, म्हणून नाव तसंही कमी झालं. जे होऊ नये म्हणून मी सगळं केलं ते दीड पानाच्या कागदावर सही घेऊन झालं, आणि कोणी आपल्याला दारातून हाकललं नाही. उलट मॅडम गेटपर्यंत आल्या. दुखणं कमी करायची औषधं, घरी नर्स कधी येईल, सगळं लिहून दिलं. मी त्या वेळी सांगू शकले असते. आता घालवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी माझी जीभ उचलली नाही.

शेवटच्या आठवड्यांत तुझा पलंग आपण खाली दुकानातच लावला, जिना चढवत नव्हता म्हणून. तू पडल्या पडल्या गिऱ्हाइकं बघायचीस. एका सकाळी मी काजं करत होते, तेव्हा तू विचारलंस, ‘‘आत्तू, सांगितलंस?’’

मी मान वर न करता म्हटलं, ‘‘हो. सांगितलं.’’

‘‘कधी?’’

‘‘परवा. औषध आणायला गेले होते ना, तेव्हा.’’

‘‘मॅडम चिडल्या?’’

‘‘छे! हसल्या. म्हणाल्या, पोरगी हुशार आहे.’’

मग म्हणालीस, ‘‘मॅडम हसत नाहीत कधी.’’ आणि भिंतीकडे वळलीस. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. नऊ दिवसांनी तू गेलीस.

तुला कळलं होतं ना? मला रोज वाटतं, कळलं होतं. तू मला पकडलंस आणि सोडून दिलंस. त्यापेक्षा ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अख्खी गल्ली आली होती. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून पाठ असलेलं मी सगळ्यांबरोबर म्हणत होते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाजच बसला. शेजारचीनं पाणी दिलं. तिला वाटलं, तुझ्या आठवणीनं झालं. तुझ्या आठवणीनंच झालं, पण तिला वाटलं तशा नाही.

त्यानंतर चार दिवसांनी दुकान उघडलं. एक बाई जुन्या मापाचा ब्लाउज टाकायला आली, म्हणून वही चाळली. तिचं पान मिळायच्या आधी तुझं मिळालं. दोन गिऱ्हाइकांच्या मधे, तुझ्या गोल अक्षरात.

‘मित्रा. वजन चोवीस किलो शंभर. जॅकेट काढून. नाक्यावरच्या मेडिकलचा काटा.’ पुढे तारीख. हॉस्पिटलच्या काट्यावर तू पंचवीस किलो सातशे भरलीस, त्याच दिवसाची तारीख. खाली तीन आठवड्यांनंतरची दुसरी ओळ. तेवीस नऊशे. पुन्हा, जॅकेट काढून.

त्या बाईला मी उद्या या म्हटलं. शटर ओढलं आणि वही घेऊन वर गेले.

दादा तुर्भ्याहून पहिली पाळी करून नुकताच आला होता. मी दोघांसमोर वही ठेवली, जॅकेट ठेवलं आणि सगळं बोलले. दादानं दुमड चाचपून बघितली. त्याचा चेहरा बघवेना. ‘‘मला का नाय सांगितलंस?’’ एवढंच म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

वहिनी म्हणाली, ‘‘मला माहीत होतं.’’

‘‘कसं?’’ मी विचारलं.

‘‘मेडिकलमध्ये मीच घेऊन गेले होते तिला. वजन करायचंय म्हणाली. जॅकेट काढून माझ्या हातात दिलं, तेव्हा हातालाच कळलं. मला वाटलं, सुनीताताईंनी काहीतरी विचार करून केलं असेल. तुमी शिकलेल्या, हॉस्पिटलचं सगळं तुमीच बघता.’’

शिकलेली! बारावी आणि टेलरिंगचा डिप्लोमा. मित्रे, आपल्या घरात तीन मोठी माणसं. एकीनं खोटं शिवलं, एकीनं ते हातात धरून पाहिलं, एकाला कुणी सांगितलंच नाही. आणि खरं लिहून ठेवलं ते तू. माझ्याच वहीत, जिथे ते मला कधी ना कधी सापडणारच होतं.

काल सकाळी मी गेले. मॅडमच्या टेबलावर मापाची वही ठेवली, शेजारी जॅकेट ठेवलं तसा दाणकन आवाज झाला.

‘‘हे काय?’’

‘‘पडद्यातलं शिसं आहे, मॅडम. मीच घातलं. शेवटच्या दोन वेळा मित्रानं हे घालून वजन दिलं.’’

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी सिस्टरांना बोलावलं, फाइल मागवली, बाहेरच्या काट्यावर जॅकेट एकटंच ठेवलं. दीड किलोच्या थोडं वर. तुझ्या वहीतल्या आकड्यात ते मिळवलं तर जवळपास बरोबर येत होतं. सिस्टर तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या.

‘‘तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?’’ मॅडमचा आवाज चढला. तीन वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. ‘‘तिला दोन कॅप्सूल द्यायच्या होत्या, आम्ही तीन दिल्या. तिला त्रास झाला म्हणून ती पायरी आम्ही थांबवली. दीड महिन्यापूर्वी एका मुलीला खालच्या पायरीवर सुरुवात केली आहे. तिला कदाचित जास्त औषध झेपलं असतं. तिचा आजार थांबत नाहीये.’’

मी ऐकून घ्यायचं ठरवून गेले होते. नाही जमलं. ‘‘आणि तुमचं काय?’’ मी ओरडले. ‘‘वजनावर एवढं सगळं ठरतं, तर अकरा वर्षांच्या पोरीला जॅकेट काढ म्हणायला इथे कोणी नव्हतं? मी साधा ब्लाउज शिवते, तरी ओढणी बाजूला घ्यायला लावते! ‘बघावं लागेल’ म्हणालात, काय बघावं लागेल ते सांगितलंत? दोन कॅप्सूल करू, काढणार नाही, एवढं एक वाक्य बोलला असता तर मी कशाला शिवलं असतं?’’

बाहेर बाकावरची माणसं आत डोकावत होती. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, ‘‘नव्हतं. जॅकेट काढायला लावायला हवं होतं. आमची चूक आहे, तीही मी लिहीन.’’

मग मी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी माझी जीभ इतके दिवस उचलत नव्हती. ‘‘माझ्यामुळे गेली का ती?’’

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गाठी वाढल्या म्हणून गेली. दोन दिल्या असत्या तरी त्या थांबल्या असत्या असं मला वाटत नाही. पण ते आठ दिवस, ते तोंड आलेलं... ते कदाचित टळलं असतं.’’

मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली. ते आठ दिवस तुझे होते. त्यातले चार तू माझ्याशी बोलली नव्हतीस.

मॅडमनी तुझी वही जवळ ओढली. ‘‘हे तिच्या हातचं?’’ मी हो म्हटलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, ‘जॅकेट काढून’वर बोट ठेवून. झेरॉक्स काढताना त्यांनी आजूबाजूच्या गिऱ्हाइकांच्या मापांवर कोरा कागद ठेवला, ते मला आवडलं. मग फाइलमधला आकडा दुरुस्त केला. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. जुन्या आकड्यावर एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरा आकडा, कुठून मिळाला ते, सही, तारीख. खोटंही दिसत राहिलं पाहिजे, म्हणाल्या, म्हणजे कुणी काय बदललं ते कळतं. आता हे सगळं या प्रयोगावर नजर ठेवणाऱ्या कमिटीपुढे जाईल. तुझा त्रास त्या पायरीच्या नावावर धरायचा की नाही ते ती माणसं ठरवतील, आणि त्या दुसऱ्या मुलीचंही बघतील. या वेळी मी विचारलं, ‘‘बघतील म्हणजे काय?’’ त्यांनी पंधरा मिनिटं बसून समजावून सांगितलं.

माझा राग गेला असं समजू नकोस. मॅडमवरचा थोडा आहे, वहिनीवरचा आहे, त्या आजारावरचा तर मरेपर्यंत राहील, ज्याच्यावर तीन कॅप्सूलही चालल्या नाहीत. माझ्यावरचा किती आहे ते मोजायचा काटा नाही. आणि तुझ्यावरचाही आहे. तू मला मेडिकलमध्ये का नेलं नाहीस? मला काट्यासमोर उभं करून, जॅकेट माझ्या हातात देऊन, बघ म्हणून का नाही म्हणालीस? बहुतेक मी तेव्हाही तुला गप बस म्हटलं असतं, म्हणूनच. तुला माणसांची मापं बरोबर कळायची.

बाहेर पडले तर काट्यापाशी एक बाई उभी होती, कडेला पाच-सहा वर्षांची मुलगी, टोपी आणि जाड स्वेटर. सिस्टर म्हणाल्या, ‘‘स्वेटर काढा, ताई.’’ आवाज जरा जास्तच मोठा होता, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

‘‘थंडी वाजते ओ तिला,’’ ती बाई म्हणाली.

मी पुढे झाले. ‘‘द्या इकडे, मी धरते. दोन मिनिटं.’’ तिनं दिला. हलका होता, नुसती लोकर. तरी मी दुमड चाचपून बघितलीच, सवयीनं. तो मी पोटाशी गच्च धरून उभी राहिले, म्हणजे पोरीला परत घालताना गार लागणार नाही. पोर काट्यावर चढली आणि तिनं छाती फुगवून श्वास धरला, मोठी दिसावी म्हणून. ‘‘सोड,’’ मी म्हटलं, ‘‘श्वास सोड, बाळा.’’ तिनं सोडला. सिस्टरांनी आकडा मोठ्यानं वाचला आणि लिहिला.

घरी येऊन तुझ्या जॅकेटची दुमड उसवली. साखळी काढून टाकली, दुमड परत शिवली, या वेळी रिकामी. आता ते हातात घेतलं की लागतच नाही काही.

मित्रे, सांगितलं. परवा नाही, काल सांगितलं.

मॅडम हसल्या नाहीत.